तेऱ्यातलं आंबट

“बाई आंबट घालायला विसरल्या,” असं मी एकदा मुख्याध्यापकांच्या खोलीत उभा राहून बोललो होतो. ते खोटं होतं. कोणी काही विसरलं नव्हतं. या प्रवासापर्यंत ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. मित्रांना नाही, बायकोलाही नाही. प्रवासवर्णन लिहायला बसलो आणि सुरुवातच अशी झाली, पण त्याला इलाज नाही. हा प्रवास त्या वाक्यापायीच घडला. एरवी भर आषाढात रजा टाकून पेठकडे जाण्याची हौस मला नाही.

तेव्हा आधी त्या वाक्याचं सांगतो, मग एसटीत बसतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होतो. शाळेचं आणि पाड्याचं नाव लिहीत नाही. मुलं बहुतेक कोकणा आणि वारली घरांतली, शाळेतच राहणारी. पुस्तकात आम्लाच्या धड्यात लिंबू आणि व्हिनेगर होतं. व्हिनेगर मी स्वतःसुद्धा तोवर पाहिलेलं नव्हतं. मुलांना मात्र रानातलं कोणतं फळ आंबट, कोणतं पान आंबट, हे पाढ्यांपेक्षा पक्कं ठाऊक. मला वाटलं, यांच्या घरात जे चालतं ते वर्गात आणावं, पुस्तकातलं आम्ल यांना त्यातून दाखवावं. विचार वाईट नव्हता. आजही मला तो वाईट वाटत नाही.

तेरा म्हणजे रानातलं अळू. पाऊस लागला की बांधावर, ओहळाच्या कडेला उगवतं. पानात खाज असते. तिकडच्या बायका त्यात काकडं (काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं) टाकून शिजवतात, म्हणजे घसा खवखवत नाही. आणि तेऱ्याचा सण झाल्याखेरीज त्या पानाला कोणी हात लावत नाही. आषाढात पाड्यातले जाणते लोक दिवस ठरवतात. त्या दिवशी पहिली भाजी देवाला दाखवायची, मग घरच्यांनी खायची. सणाचं नावही तेराच.

मला आयता धडा सापडला. दोन पातेली घ्यायची. एकात आंबट घालून तेरा शिजवायचा, दुसऱ्यात आंबटाशिवाय. मुलांनी दोन्ही चाखायचे आणि फरक सांगायचा. शाळा बघायला अधिकारी येणार होते, त्यांच्यासमोर हे करायचं मी ठरवलं. अधिकारी काही सणाची वाट बघणार नव्हते.

शाळेचा स्वयंपाक यशीबाई करायच्या. जवळच्याच पाड्यातल्या, रोजंदारीवर. त्यांना मी दोन पातेल्यांचं सांगितलं तेव्हा त्या चुलीपासून उठल्याच.

“गुरुजी, तेरा झाला नाय अजून. आन् आंबटाबिगर कोणी तेरा शिजवत नाय. गुरांनाबी नाय घालत.”

“खायचं नाही हो, नुसतं चाखायचं.”

“चाखलं म्हंजी पोटातच गेलं ना?”

मी हसलो. म्हणालो, “यशीबाई, विज्ञान तिथी बघत नाही.” हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

“तुमची मर्जी,” त्या म्हणाल्या आणि पानं खुडायला गेल्या. काकडं अजून धरली नव्हती, म्हणून पहिल्या पातेल्यात चिंच घातली. दुसऱ्यात काही नाही, मी सांगितलं होतं तसं.

अधिकारी उशिरा आले. तोवर चाखणं सुरू झालं होतं. दुसऱ्या पातेल्यातला घास बऱ्याच मुलांनी थुंकून टाकला. सातवीतली एक मुलगी गुरुजींनी दिलंय म्हणून गिळत राहिली. तिचे ओठ सुजले, जीभ सुजली, मग श्वासाला त्रास व्हायला लागला. अधिकाऱ्यांच्याच जीपमधून तिला पेठच्या दवाखान्यात नेलं. मुलगी वाचली, पुढे शाळेतही परत आली. पण त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत अधिकाऱ्यांनी विचारलं, “त्या दुसऱ्या भाजीत काय झालं होतं?” आणि मी ते वाक्य बोललो. यशीबाई दाराबाहेर होत्या. त्यांनी ऐकलं. आत आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत नाशिकच्या कार्यालयाने त्यांना कामावरून कमी केलं.

माझी पुढे नाशिकला बदली झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम मिळालं. ‘परिसरातून विज्ञान’ हा माझाच विषय झाला. तेऱ्याचा धडा मी शिक्षकांच्या पुस्तिकेत घातला. त्यात चाखणं काढून टाकलं, पान मनगटावर घासून बघा, मग आंबटाचं पाणी लावून बघा, असं केलं. कोणी विचारायचं, “सर, चव का नाही घ्यायची?” मी म्हणायचो, “स्वच्छतेच्या दृष्टीने.” सण काढला, दिवस काढला, यशीबाई तर काढल्याच. धडा लोकांना आवडायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अशाच एका प्रशिक्षणात पेठकडच्या एक शिक्षिका उठल्या आणि हसत म्हणाल्या, “सर, आमच्या तिकडे एक बाई आहेत, त्यांना बिनआंबटाची यशी म्हणतात. का, तर शाळेत तेरा केला आणि आंबटच विसरल्या! लग्नाकार्यात कोणी त्यांना चुलीपाशी बसू देत नाही.” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते.

दुपारच्या चहाला मी त्या शिक्षिकेला तेरा यंदा कधी आहे ते विचारून ठेवलं. म्हणालो, पुस्तिकेसाठी फोटो हवेत.

सणाच्या दिवशी सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर पेठची गाडी लागली होती. पावसाची भुरभुर. माझ्याकडे छत्री, कॅमेरा आणि बायकोने दिलेला डबा. शेजारी गिरणाऱ्याकडचे एक शेतकरी येऊन बसले, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल बांधलेला.

“काय, पेठला?” त्यांनी विचारलं.

“त्याच्याही पुढे. तुम्ही?”

“मजूर बघायला चाललोय. टोमॅटोची लागण खोळंबली राव. दरवर्षी गिरणाऱ्याच्या नाक्यावर येऊन उभी राहतात माणसं, औंदा एक नाही.”

कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “दादा, आवणीच्या दिवसांत मजूर शोधायला निघालात? त्यांचंच भात लावायचं पडलंय. तुम्हालाच ठेवून घेतील चिखलात.”

“मग काय करू? टोमॅटोला सांगू का थांब म्हणून?”

“थांबत असंल तर सांगा.”

गाडी मखमलाबादच्या बाजूचे भाजीचे मळे आणि फुलांची शेतं मागे टाकत निघाली. पॉलिथिनच्या कागदाखाली झेंडूच्या पाट्या घेऊन बायका रस्त्याला उभ्या होत्या, त्यांची गाडी उलट दिशेची. रामशेजचा किल्ला ढगात अर्धाच दिसत होता. पुढे सावळ घाट लागला आणि काचेबाहेर नुसतं पांढरं. ड्रायव्हरने वेग कमी केला. वरून पाण्याची एक धार टपातून थेट शेतकऱ्यांच्या खांद्यावर पडायला लागली. ते सरकून माझ्या अंगावर आले आणि सरकता सरकता म्हणाले, “तुमचं काय काम तिकडं?”

“शिक्षक आहे. तेऱ्याचा सण बघायला चाललोय.”

“सण बघायला,” ते म्हणाले, जणू मीच टोमॅटोपेक्षा वाईट बातमी सांगितली होती. “म्हणजे आज सगळं बंदच की मग!”

मी हो म्हटलं. आज तिकडे कोणीही शेतात उतरणार नाही. त्यांनी कंडक्टरकडे बघितलं, कंडक्टरने खिडकीबाहेर.

करंजाळीला गाडी थांबली तिथे चहा घेतला. शेतकरी उतरले ते परतीच्या गाडीची चौकशी करतच. कोटंबी घाट ओलांडला तेव्हा पाऊस जरा उघडला होता. दोन्ही अंगांना डोंगरउतारावर नागलीची म्हणजे नाचणीची रोपं, खाली खाचरांत पाणी. काही खाचरांत भात लावून झालेलं, काहींत गादीवाफ्यातली रोपं तशीच दाट उभी. माणूस एकही नव्हता. अवजारं टाकून माणसं निघून गेल्यावर शेतं एकटीच उभी राहिल्यासारखी वाटत होती.

पेठहून पुढे जीप मिळाली. आत बसायला जागा नव्हती, मागे लोंबकळत गेलो. जीपवाल्याने जिथे उतरवलं तिथून पाडा ओहळाच्या पलीकडे. पूर्वी मी हा ओहळ रोज ओलांडायचो, त्यामुळे थोडा तोऱ्यातच पाण्यात उतरलो. मधोमध पाय घसरला. मी सावरलो, कॅमेरा वाचला, डावी चप्पल गेली. ती माझ्या डोळ्यांदेखत खडकाला वळसा घालून निघून गेली. उरलेल्या एका चपलेचं काय करायचं ते सुचेना, म्हणून ती पायातच ठेवली.

पलीकडच्या काठावर इरलं (पळसाच्या पानांचं पावसाळी पांघरूण) डोक्यावर घेतलेला एक माणूस हे सगळं शांतपणे बघत होता.

“वरच्या अंगाला दगडं टाकलेली हायती,” तो म्हणाला. “पार व्हायला.”

“आधी सांगायचं ना!”

“तुम्ही लय जोरात आले. वाटलं, ठावं आसंल.” मग म्हणाला, “कोणाकडं जायचं?”

“यशीबाईंकडे.”

“कोणची? दोन हायती. बिनआंबटाची का?”

मला तिथेच नाही म्हणता आलं असतं. त्यांना तसं म्हणू नका, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “हो.” त्याने हाताने वाट दाखवली.

घर होतं तिथेच होतं, कौलं नवी होती. यशीबाई ओट्यावर पाय पसरून पानं साफ करत बसल्या होत्या. देठावरची साल नखाने सोलायची, पान पालथं करून शीर ठेचायची, गुंडाळी करून टोपलीत टाकायची. केस पांढरे झालेले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

“गुरुजी ना तुम्ही? पोट सुटलं की.” मग आत तोंड करून, “गुरुजी आलं गं, चहा टाक.” आणि पुन्हा माझ्याकडे, “एक चप्पल कोणाला दिली?”

“ओहळाला.”

“मंग दुसरी पण द्यायची. त्याला एकीचा काय उपेग?”

आतून त्यांच्या सुनेने गुळाचा कोरा चहा आणला. मी चहा पीत राहिलो. मुलगा काय करतो विचारलं. उन्हाळ्यात गिरणाऱ्याला टोमॅटोवर जातो, आता आवणीला घरी आहे, असं कळलं. पाऊस कसा आहे विचारलं. पाऊस समोर पडतच होता. पानं जून आहेत की कोवळी, तेही विचारलं. त्यावर त्यांनी सोलणं थांबवलं आणि म्हणाल्या, “गुरुजी, कशाला आले?”

मी कप खाली ठेवला. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती, ती आठवली नाहीत. म्हणालो, “तुम्ही आंबट विसरला नव्हता. मी घालू नका म्हटलं होतं. मी साहेबांना खोटं सांगितलं. तुमची चूक नव्हती.”

त्या हसल्या. चांगलं हसल्या, पदर तोंडाला लावून.

“मला काय सांगता? मला म्हायीत नाय व्हय? मीच तं व्हते तिथं!”

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

“इतक्या लांबून मला सांगाया आले,” त्या सुनेला म्हणाल्या, “मी काय केलं ते.” आणि हसू ओसरलं तसं त्यांनी पानांची टोपली काखेत घेतली आणि समोरच्या घराच्या पडवीकडे हनुवटी केली. पडवीत चूल पेटली होती, चारपाच बायका बसल्या होत्या, धूर पावसात खाली दबत होता. “त्यांना सांगा. मी सांगून दमले. त्या म्हणत्यात, गुरुजी कशाला खोटं बोलंल? शिकलेला माणूस.”

“आत्ता?”

“मंग कधी? जेवून सांगता? आंबट खाऊन?”

पडवीत यशीबाईंची जाऊ मंगळीबाई चुलीपाशी होती. मोठं पातेलं, त्यात आख्खा मूग आणि तेऱ्याच्या गुंडाळ्या. एका बाजूला एक खूप म्हाताऱ्या आजी गुडघ्यांत हनुवटी घालून बसलेल्या. बायकांचं भांडण चाललं होतं. काकडं पुरेशी आहेत की वरून अंबाडी टाकायची, यावर. एक म्हणे अंबाडीने चव बदलते. दुसरी म्हणे, तुझ्या माहेरी चव होती तरी कधी? मला बघून, मग माझ्या पायाकडे बघून, सगळ्या एकदम हसल्या.

“ह्ये शाळेतले गुरुजी,” यशीबाई मागून म्हणाल्या. “त्यांला बोलायचं हाय.” आणि स्वतः पडवीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मध्ये यायला तयार नव्हत्या.

मी वर्गात बोलावं तसं बोललो. दुसरं येतच नाही. म्हणालो, शाळेत तेरा केला त्या दिवशी यशीबाईंनी दोनदा नाही म्हटलं होतं. सण झाला नाही म्हणाल्या, आंबटाशिवाय शिजवत नाहीत म्हणाल्या. मीच ऐकलं नाही. एका पातेल्यात आंबट घालायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. साहेबांसमोर मी घाबरलो आणि त्यांचं नाव सांगितलं.

मंगळीबाईने पळी पातेल्यावर आडवी ठेवली. “आता इतक्या वर्सांनी?” ती म्हणाली. “त्येव्हा तोंडाला काय झालं व्हतं? तुम्ही खाल्ला व्हता का तो तेरा?”

बायका पुन्हा हसल्या. मीही हसण्याच्या बेतात होतो.

मग त्या आजींनी मान वर केली. “दुसरं भांडं कशाला व्हतं रं, बाबा?”

मी समजावलं. आंबटामुळे खाज जाते हे मुलांना दाखवायचं होतं. ते दाखवायचं तर आंबट नसलेलंही लागतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक सिद्ध होत नाही. शास्त्राची रीतच तशी असते.

आजींना ऐकू कमी येत असावं. मंगळीबाईने त्यांच्या कानाशी जाऊन त्यांच्या बोलीत सांगितलं. आजींनी नीट ऐकून घेतलं, मला वाटतं धडा त्यांना पूर्ण समजला. मग म्हणाल्या, “म्हंजी पोरांना खाज यावी म्हणूनच दिलं?”

एवढी वर्षं मी त्या दिवसाला अपघात म्हणत होतो. मनातल्या मनातसुद्धा. प्रयोगात काहीतरी चुकलं, असं. पण प्रयोग चुकला नव्हता. मला जे हवं होतं तेच झालं होतं, फक्त एका मुलीला जास्त झालं. ज्या गोष्टीची त्या पाड्यात कोणालाच शंका नव्हती, ती सिद्ध करायला मी त्यांचीच पोरं वापरली होती.

“हो,” मी म्हणालो.

आजींनी परत हनुवटी गुडघ्यांत घातली. पुन्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मंगळीबाई चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारत बसली. अंबाडीवाली बाई हळूच म्हणाली, “ती पोर कोणाची व्हती?” दुसरीने पलीकडच्या गावाचं नाव घेतलं. सुरगाण्याकडे दिली आहे, म्हणाली, पदरात लेकरं आहेत.

मी तिथून निघावं असं वाटलं, पण निघायचं कुठे? पाऊस होता आणि पायात एक चप्पल होती.

जरा वेळाने मंगळीबाईने पातेल्यातलं जरासं पळीत घेतलं, फुंकर मारली आणि मागे न बघता म्हणाली, “यशे, बघ गं. आंबट पुरं झालं का.”

यशीबाई खांबापासून हलल्या नाहीत. “तुझी चूल हाय. तू बघ.”

“मी बोलावते ना?”

“आजवर कोणाला बोलावलं?”

“आजवर तू इसरलीस असं वाटत व्हतं.”

“मी सांगत नव्हते व्हय?”

“सांगत व्हतीस,” मंगळीबाई म्हणाली. “आता येती का नाय? हात भाजतो माझा.”

यशीबाई गेल्या. तळहातावर थेंब घेतला, चाखला, चांगला वेळ लावला. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. “कमी हाय,” त्या म्हणाल्या. “काकडं टाक. अंबाडी नको.” अंबाडीवालीने कपाळाला हात लावला. यशीबाई तिथे बसल्या मात्र नाहीत. टोपली उचलून आपल्या चुलीकडे निघून गेल्या, कारण त्यांच्या घरचा तेरा अजून शिजायचा होता.

दुपारी भगताने (पूजा सांगणारा जाणता) देवाला भाजी दाखवली. घरोघरी पानं मांडली. मी यशीबाईंच्या ओट्यावर जेवलो. नागलीची भाकरी, तेरा, भात. भाजी दाट, आंबट, मुगामुळे जरा गोडसर. घसा अजिबात खवखवला नाही. पहिला घास घेताना मी थांबलो होतो, ते त्यांनी बघितलं. मघाचा इरलंवाला शेजारीच जेवत होता. तो सांगत होता की तेऱ्याने गुडघेदुखी जाते. ते काही मला पटलं नाही आणि मी तसं म्हणालो. यशीबाई म्हणाल्या, “त्याला सगळ्यानंच गुडघे बरे व्हतात. मोहाच्या दारूनं पण.” फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढला तर काचेच्या आत वाफ धरलेली. एकही फोटो आला नाही.

निघताना मी विचारलं, “यशीबाई, अजून काही करता येईल का मला?”

त्या भांडी विसळत होत्या. “पाड्यात कळलं,” म्हणाल्या. “पर कामावरून पाड्यानं काढलं नव्हतं.” बाकी काही मागितलं नाही. सुनेने मुलाच्या जुन्या रबरी चपला दिल्या. त्या मला मोठ्या होत्या. इरलंवाल्याने दगडांवरून ओहळ पार करून दिला.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. करंजाळीला टोमॅटोवाले शेतकरी चढले, एकटेच. “आठवडाभराने या म्हणाले,” त्यांनी सांगितलं आणि झोपी गेले. मी पुस्तिकेतल्या धड्याचा विचार करत होतो. त्यात पान होतं, खाज होती, आंबट होतं. काकडं धरेपर्यंत थांबायचं, हे त्या सणातच होतं, आणि सण काढला तेव्हा मी तेही काढून टाकलं होतं. ती अंधश्रद्धा वाटली होती. आणि एका बाईने नाही म्हटलं होतं, हेही काढलं होतं, कारण ते माझ्याविरुद्ध जात होतं. तिकडचं ज्ञान वर्गात आणतो म्हणता म्हणता मला सोयीचं तेवढंच मी आणलं होतं. धडा आता नव्याने लिहितो आहे, थांबण्यासकट आणि नकारासकट. ते काम अवघड नाही. लिहिणं मला जमतं.

अवघड ते राहिलंच आहे. नाशिकला घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, फोटो मिळाले का? मी म्हणालो, कॅमेऱ्यात पाणी गेलं. बाकीचं सांगितलं नाही. हे छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे.

ज्या कार्यालयाने यशीबाईंना कमी केलं ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यांना काढलं ते माझ्या शब्दावर. तो शब्द तिथे जाऊन, तिथल्या माणसांसमोर, मला मागे घ्यायचा आहे. मी अजून गेलेलो नाही. आणि सुरगाण्याकडे एक बाई आहे. आपण लहानपणी एकदा काहीतरी चुकीचं खाल्लं होतं, असं ती समजत असेल. तिला शोधून सांगायचं आहे की तिने मी दिलेलं खाल्लं होतं, आणि तिचा घसा खाजावा म्हणूनच मी ते दिलं होतं. या दोघींचं एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.